जन्मस्थान: आजोळी

माझी थोरली बहीण काजं करते. शर्टाचं किंवा कोटाचं बटण ज्या फटीतून जातं ती फट म्हणजे काज. ती फट छोट्या कात्रीनं कापायची, तिच्या कडेनं दाट टाके घालायचे आणि ती उसवणार नाही अशी बांधून काढायची, हा ताईचा गेल्या बेचाळीस वर्षांचा धंदा. बटण कोणीही लावतं. माझ्या नवऱ्यानंही एकदा लावलं होतं, दोन दिवस टिकलं. काज मात्र सगळ्यांच्या हाताला वळत नाही. शेवटचे तीन टाके घालताना ताई श्वास रोखते, आणि तेवढ्या वेळात तिच्याशी बोललेलं तिला चालत नाही. घराला आग लागली तरी ती आधी काज पुरं करील आणि मग विचारील, काय म्हणत होतीस.

मी भूगोल शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे माझा जो संताप होणार आहे तो त्याशिवाय कळायचा नाही. मी शाळेत तीस वर्षं मुलांना जग दाखवलं, आणि घरात माझ्या सख्ख्या बहिणीचं जग सातशे पावलांचं. आईच्या खोलीपासून नाट्यगृहापर्यंत सातशे, परत येताना सातशे. नाट्यगृहाच्या पुढे पूल आहे. तो ताईनं ओलांडलेला मला आठवत नाही. पलीकडे काय आहे असं विचारलं, तर म्हणते, इकडे आहे तेच असेल.

ताई एकोणसाठ वर्षांची. लग्नाचं जमलं नाही, आणि जमावं म्हणून तिनं कोणाला मदतही केली नाही. आईबरोबर राहते. आई ब्याऐंशी वर्षांची आणि ठणठणीत. घरातलं विजेचं बिल बाबांच्या नावावर येतं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण वीज कंपनीला कोणी सांगितलं नाही आणि बाबांनी आजवर तक्रार केलेली नाही. गॅस आईच्या नावावर. ताईच्या हातातला फोन माझ्या नावावर. ओळखपत्र आणि वाचनालयाचं कार्ड सोडलं तर ताईच्या नावावर जगात काही नव्हतं, आणि वाचनालयाच्या कार्डावरही ती शिवणकामाचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा आणायची.

नाट्यगृहाच्या कपडेपटात तिला बावीस वर्षं काम मिळत होतं, पण ते सुटं, बोलावतील तेव्हा. राजाच्या अंगरख्याला बारा बटणं असतात आणि दोन प्रवेशांच्या मध्ये तो चाळीस सेकंदांत उतरवायचा असतो. मशीनच्या काजात बटण अडकतं, आणि मग राजा अर्धा अंगरखा घालून भिकाऱ्याच्या प्रवेशात येतो. असं एकदा झालं. तेव्हापासून कपडेपटाचे मास्तर, गळ्यात टेप टाकून झोपत असावेत असे एक किडकिडीत गृहस्थ, ताईशिवाय कोणाला मखमलीला हात लावू देत नाहीत.

मास्तरांनी या वर्षी व्यवस्थापनाशी भांडून ताईला कायम करून घ्यायचं ठरवलं. वयाची अट नाही. तिथे हात थरथरायला लागले की निवृत्ती. अट एकच होती. नेमणुकीच्या पत्रावर बँकेतल्या खात्याचा नंबर हवा, खातं तिच्या स्वतःच्या नावाचं हवं, आणि ते पहिल्या तारखेच्या आत हवं. नाहीतर व्यवस्थापन सगळी काजं मशीनवाल्याला देऊन मोकळं होणार होतं. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा महिन्याची एकवीस तारीख होती.

ताईनं आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. त्या दिवशी ती माझ्या जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला कायम व्हायचंय गं." मी लगेच चपला घातल्या.

बँकेत काउंटरवर जी मुलगी होती ती माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिसऱ्या बाकावर बसायची, आणि एकदा तिनं नकाशात अख्खी डोंगररांग समुद्रात काढली होती. आता तिच्या गळ्यात बँकेचं ओळखपत्र होतं आणि ती आम्हाला देशांविषयी प्रश्न विचारणार होती. मला ती मॅडम म्हणाली, ताईला काकू म्हणाली, आणि फॉर्म पुढे सरकवला.

नाव, पत्ता, व्यवसाय इथवर सगळं सुरळीत झालं. व्यवसायात मी "शिवणकाम" लिहीत होते तर ताईनं हात धरला आणि "काजं" लिहायला लावलं. मग त्या मुलीनं वाचलं, "दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व आहे का? दुसऱ्या कुठल्या देशाच्या कर-निवासी आहात का?"

"नाही," ताई म्हणाली, "आम्ही भाडेकरू."

मुलीनं हसू दाबलं. मी दाबलं नाही. ताईला वाटलं घराचं विचारताहेत. घरमालक कोण, भाडं कोण भरतं हेही ती सांगायला लागली. तिला थांबवून मी त्या मुलीला माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, की हिच्याकडे बघून तुला ही परदेशी नागरिक वाटते का? हे प्रश्न कशासाठी?

तिनं मला उत्तर दिलं, आणि शाळेत असताना तिनं एकदाही दिलं नव्हतं इतकं स्वच्छ दिलं. म्हणाली, बहुतेक देशांत जो राहतो तो तिथे कर भरतो. एकदोन देश मात्र असे आहेत, की त्यांचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही बसलेला असो, त्यानं कमाईचा हिशेब घरी कळवायचाच. आणि काही हुशार लोक असे असतात, की या देशाला सांगतात मी त्यांचा, त्या देशाला सांगतात मी यांचा, आणि पैसा तिसरीकडे दडवून ठेवतात.

"मॅडम, एखादी सून सासरी सांगते माहेरी जाते, माहेरी सांगते सासरी आहे, आणि दोन्हीकडचं काम चुकवते, तसं. मग दोन्ही घरांनी ठरवलं, एकमेकांना फोन करायचा. आता देश तसे फोन करतात. तुमचा माणूस आमच्या बँकेत आला तर आम्ही कळवू, आमचा तुमच्याकडे आला तर तुम्ही कळवा. पण कोण कोणाचा, हे विचारल्याशिवाय आम्हाला कसं कळणार? दारात उभ्या असलेल्या प्रत्येकालाच विचारावं लागतं."

मला ते पटलं. ताईलाही पटलं; तिनं तर मान डोलावून सांगितलं की आमच्या गल्लीत अशा दोघीजणी आहेत. मग मुलगी पुढच्या रकान्यावर आली. जन्माचं गाव आणि देश.

जन्माचा दाखला ताईकडे नव्हता. शाळा सोडल्याचा दाखला होता, घडीवर फाटलेला आणि पाठीमागून कापड चिकटवलेला. मुलीनं तो वाचला, कॉम्प्युटरवर काही शोधलं, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "काकू, हे आजोळी कुठल्या जिल्ह्यात येतं?"

मी दाखला हातात घेतला. जन्मस्थानाच्या पुढे सुवाच्य अक्षरात, शाईनं, हेडमास्तरांच्या सहीसकट लिहिलं होतं: आजोळी.

शाळेत नाव घालताना कारकुनानं विचारलं असणार, मुलगी कुठे जन्मली. बाबा म्हणाले असणार, आजोळी. आणि त्या देवमाणसानं ते गावाचं नाव समजून लिहून टाकलं असणार. ताईच्या दाखल्याकडे इतक्या वर्षांत कोणी नीट बघितलंच नव्हतं. बँकेच्या यादीत देशभरातली गावं होती, आजोळी नव्हतं. मी म्हटलं, अगं, आमच्या आईच्या माहेरचं गाव लिही की, नाव सांगते. मुलगी म्हणाली, कागदावर नाही ते मला लिहिता येणार नाही; आईंकडून दोन ओळी लिहून आणा, सही घेऊन या, दहा मिनिटांत खातं उघडते.

आम्ही घरी आलो. मी बसल्या बसल्या दोन ओळी लिहिल्या, की माझी थोरली मुलगी तिच्या आजोळी, म्हणजे माझ्या माहेरच्या गावी जन्मली आहे. खाली गावाचं नाव, तालुका, जिल्हा. आईपुढे कागद ठेवला, पेन ठेवलं. आई औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय चमचा भरत नाही. तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"हे खोटं आहे," आई म्हणाली.

मी म्हटलं, काय खोटं आहे? जिल्हा बदलला का? आई म्हणाली, जिल्हा बरोबर आहे, पण ताई तिथे झाली नाही. मग कुठे झाली? तर म्हणाली, तिकडे. आता आमच्या घरात हा शब्द मी जन्मल्यापासून ऐकते आहे. ताई तिकडे झाली, तू इथे झालीस. तिकडे म्हणजे आईचं माहेर, यात शंका घ्यावी असं कधी कोणाला वाटलं नव्हतं.

"तिकडे म्हणजे तुझ्या माहेरीच ना?"

"तिकडे म्हणजे तिकडे. समुद्रापलीकडे. तुझा मुलगा आहे त्या देशात."

ताईच्या हातात काज होतं. तिनं ते पुरं केलं, मग मान वर केली.

त्यानंतर आईकडून जे बाहेर काढावं लागलं ते असं. लग्नानंतर आई एका मोठ्या घरी स्वयंपाकाला जायची, हे आम्हाला माहीत होतं. त्या घरच्या बाईसाहेबांचं खुब्याचं ऑपरेशन त्या देशात व्हायचं होतं. त्यांना आईच्या हातचं सोडून काही पचत नसे. दोन महिन्यांसाठी चल, म्हणाल्या. आईला तेव्हा चौथा महिना लागला होता. ते तिनं बाबांना सांगितलं, बाईसाहेबांना सांगितलं नाही. ऑपरेशन बिघडलं, पुन्हा करावं लागलं, दोन महिन्यांचे आठ झाले. मधल्या मध्ये ताई झाली. इकडे बाबांच्या आईला लाज वाटली, की सून तशा अवस्थेत परमुलखात जाऊन लोकांची भांडी चढवते. तिनं गल्लीत सांगितलं, ती तिकडे गेली आहे. गल्लीनं माहेर समजून घेतलं. आई तीन महिन्यांची ताई घेऊन परतली, आणि शाळेत नाव घालायला गेले तेव्हा बाबांच्या शेजारी त्यांची आई बसलेली होती. म्हणून आजोळी. म्हणजे त्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलेली सुनेची युक्ती आमच्या घरात सासूनंच करून ठेवली होती.

आता माझं ऐका. माझा मुलगा त्या देशात अकरा वर्षं आहे. त्याला अजून तिथलं नागरिकत्व नाही. रांगेत आहे, रांग हलत नाही. त्याला भेटायला जावं म्हणून मी दोनदा व्हिसाचा अर्ज केला. फी भरली, बोटांचे ठसे दिले, खिडकीपलीकडच्या माणसाकडे बघून हसले. दोन्ही वेळा नकार आला. कारण काय, तर मी परत येईन याची त्यांना खात्री वाटत नाही. मला, जिची शाळा दर सोमवारी उघडते. त्या देशाच्या सगळ्या नद्या मला उगमापासून पाठ आहेत, कुठे काय पिकतं ते माहीत आहे, आणि मला दारातून परत पाठवलं. आणि माझी ताई, जिनं साधा पूलही ओलांडला नाही, ती आपली काजं करत करत तिथली नागरिक! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आईला म्हटलं, इथे बसून मी त्या देशाचे पेपर तपासत होते, मुलांचे चुकलेले नकाशे तुला दाखवून हसत होते, तेव्हा तुला एकदा तोंड उघडता आलं नाही?

"मी नकाशा पाहिला नव्हता," आई म्हणाली. "मी स्वयंपाकघर पाहिलं होतं."

मुलाला फोन केला. तो आधी बराच वेळ हसला. मग अगदी वेगळ्या आवाजात त्यानं विचारलं, की मावशी आपल्याला दत्तक घेऊ शकते का.

ताईनं एकच विचारलं, की आता ते लोक मला न्यायला येतील का. नाही म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मी आतल्या साहेबांना, नुसतं विचारायचं म्हणून, विचारलं, आणि ऐकलं ते काही हायसं वाटण्यासारखं नव्हतं. साहेब म्हणाले, तिथे जन्मलेला माणूस तिथला नागरिक, असा त्यांचा कायदा आहे. त्याला स्वतःला ठाऊक असो वा नसो. म्हणूनच आम्ही नागरिकत्व विचारून थांबत नाही, जन्मस्थानही विचारतो. पुष्कळांना आपण कोण आहोत याचा पत्ताच नसतो. कमाई बेताची असेल तर कर बहुधा निघणार नाही, पण हिशेब दर वर्षी कळवावा लागेल, आणि त्यासाठी तिकडचा कर-क्रमांक काढावा लागेल. जन्माचा पुरावा काय आहे? मी म्हटलं, काही नाही; आईचा पासपोर्ट आणि तिकडचे कागद तेव्हा बाईसाहेबांकडेच राहिले. साहेबांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, मग मला वर विचारावं लागेल, वेळ लागेल. किती, ते सांगू शकले नाहीत. पहिल्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

घरी येताना वाटेतच मी ठरवून टाकलं होतं. मी लिहिलेला कागद अजून तसाच होता. आईनं त्यावर सही करायची, गाव लिहायचं, दहा मिनिटांत खातं. गेली एकोणसाठ वर्षं जे सगळ्यांनी धरून चाललेलं आहे ते बँकेनंही धरलं तर कोणाचं काय जातं? मी हे आईला समजावलं, ताईला समजावलं. मी चांगलं समजावते. तीस वर्षांचा सराव आहे.  आईनं पेनाचं टोपण काढलं आणि ताईकडे बघितलं, की तू म्हणशील तसं.

ताईनं शिवण खाली ठेवली. अर्धवट काज खाली ठेवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"माझं नाव पहिल्यांदा कुठे तरी लागतंय. त्याच्या शेजारी खोटं गाव नको मला."

मी म्हटलं, आणि कायम व्हायचं राहिलं तर? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ती नोकरी किती हवी होती हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. मास्तरांनी कपडेपटात खिडकीजवळचं टेबल तिच्यासाठी आधीच रिकामं करून ठेवलं होतं आणि ती रोज जाता येता ते पुसायची.

"राहू दे मग," ताई म्हणाली. "पण आई आठ महिने पोटातल्या मला घेऊन, आणि नंतर कडेवर घेऊन, परक्या मुलखात राबली. ते आपण खोडून टाकायचं का? एका टेबलासाठी?"

 मी कागद फाडला, तोही जरा जोरातच, कारण हरल्यावर मला शांत राहता येत नाही.

सत्तावीस तारखेला बँकेतून फोन आला. त्या मुलीनं, माझ्या डोंगर बुडवणाऱ्या विद्यार्थिनीनं, आमच्यासाठी वर तीन वेळा विचारलं होतं. वरून उत्तर असं आलं होतं, की जन्मदात्या आईनं स्वतः येऊन, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन जबानी लिहून दिली, तर पुरावा म्हणून ती चालेल. कर-क्रमांक नव्वद दिवसांत आणून द्यायचा. खातं त्याच दिवशी उघडेल.

अठ्ठावीसला आम्ही तिघी गेलो. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि ती आमच्या पुढे चालत होती. काउंटरसमोर तिच्यासाठी खुर्ची ठेवली. मागे रांग होती. मुलीनं रांगेची माफी मागितली आणि विचारायला सुरुवात केली.

तिकडे कोणत्या वर्षी गेलात, कोणत्या महिन्यात? आईनं वर्ष सांगितलं, महिना सांगितला, वार सांगितला. कोणत्या कामासाठी? आई म्हणाली, मुख्य स्वयंपाकीण. हाताखाली दोघं होती. ही दोघं मला नवीन होती. प्रसूती कुठे झाली? इस्पितळाचं नाव आईनं असं उच्चारलं, की मी ज्या शहराचं नाव तीस वर्षं वर्गात घेत आले ते मी चुकीचं उच्चारत होते हे मला तिथे कळलं. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट, खिडकीतून समोर एक धुराडं. पहाटे बाहेर पांढरं काही उडत होतं. आईला वाटलं समोरच्या गच्चीवर गाद्यांचा कापूस पिंजताहेत, आणि ती नर्सला म्हणाली, खिडकी लावा, पोरीच्या नाकात जाईल. नर्सला भाषा कळली नाही, पण तिनं खिडकी लावली.

रांगेतला एक पासबुकवाला माणूस पुढे सरकून ऐकत उभा होता. मुलगी टाइप करता करता म्हणाली, आजी, कापूस नाही लिहिला तरी चालेल. आई म्हणाली, तुझी मर्जी.

नाव काय नोंदवलं होतं? आई म्हणाली, नाव ठरलं नव्हतं, हिच्या बाबांना विचारल्याशिवाय कसं ठरवणार. नर्सनं विचारलं, मी खूण करून सांगितलं की नंतर. तिनं नुसतं "मुलगी" लिहिलं असणार. तिकडे राहण्याचा पत्ता? आईनं घराचा नंबर सांगितला, रस्ता सांगितला, कोपऱ्यावरचं पावाचं दुकान सांगितलं.

"बाजाराला जायला बावीस नंबरची बस. पोरगी झाल्यावर एकदा हिला घेऊन चुकून तेविसात बसले, तर ती—"

"पत्ता पुरे, आजी," मुलगी म्हणाली. तिचंही बरोबर होतं. रांग दारापर्यंत गेली होती.

 पुढच्या दोन प्रश्नांना आईनं हो आणि नाही एवढीच उत्तरं दिली. जबानी छापून आली, आईनं ती दोनदा वाचली, सही केली. आतून साहेब येऊन शिक्का मारून गेले. ताईला एक चिठ्ठी मिळाली, त्यावर खात्याचा नंबर आणि त्याच्या वर तिचं नाव, फक्त तिचं. ताईनं ती चिठ्ठी दोन्ही हातांत धरून वाचली आणि तिला श्वास रोखताना मी पाहिलं. मग मला म्हणाली, मास्तर साडेपाचला निघतात, मी जाऊन देऊन येते. आणि ती माझी सातशे पावलांची बहीण बँकेच्या पायऱ्या चक्क धावत उतरली.

आई मात्र खुर्चीतून उठली नाही. मुलीनं सांगितलं, आजी, झालं. आईनं विचारलं, एवढेच प्रश्न असतात का? मुलगी म्हणाली, हो, एवढेच. आई बरं म्हणाली, पिशवी मांडीवर घेतली, आणि तरीही बसून राहिली.

तेव्हा मला लाज वाटली. साठ वर्षं या बाईला कोणी काही विचारलं नव्हतं. सासूनं नाही, गल्लीनं नाही, जगभराचा भूगोल सांगणाऱ्या मीही नाही. विचारलं ते एका फॉर्मनं, आणि त्याचे रकाने संपले होते. ताईचं कपडेपटातलं टेबल मिळालं होतं, मला आनंदही झाला होता, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचेना. मी आईला हाताला धरून उठवलं, भिंतीलगतच्या बाकावर नेऊन बसवलं आणि शेजारी बसले.

"तेविसात बसलीस," मी म्हटलं, "मग?"

आईनं माझ्याकडे बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून जरा जास्तच वेळ बघितलं. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली.

"ही बँक कितीला बंद होते गं?" तिनं विचारलं.